तरुण कानांपुरता गोंगाट

सार्वजनिक जागेतून नको असलेल्या माणसांना दूर ठेवण्यासाठी समाजाने आजवर भिंती, कुंपणे, फाटके, पहारेकरी आणि दंडाच्या पाट्या यांचा आधार घेतला आहे. या साधनांचा जाच कोणाला होतो हे उघड असते, कारण ती सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात आणि कमी-अधिक प्रमाणात सर्वांनाच अडवतात. २००५ साली वेल्समध्ये तयार झालेल्या ‘मॉस्किटो’ नावाच्या ध्वनियंत्राने मात्र निराळी वाट धरली. दुकानाच्या किंवा इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर बसवलेली ही लहानशी पेटी इतक्या उंच स्वराचा, तुटक आणि सतत टोचत राहणारा आवाज सोडते की साधारणपणे पंचविशीच्या आतल्या व्यक्तींना तेथे उभे राहणे नकोसे होते, आणि त्यांच्या शेजारीच उभ्या असलेल्या पन्नाशीच्या माणसाला मात्र काही वाजते आहे याची जाणीवही होत नाही. दुकानासमोर, रेल्वे स्थानकाच्या दारात किंवा उद्यानात घोळक्याने रेंगाळणाऱ्या किशोरवयीन मुलांना पांगवणे हा या यंत्राचा जाहीर उद्देश होता. वाढत्या वयाबरोबर मानवी कानात होणारा एक नैसर्गिक बदल येथे माणसे निवडून हटवण्याच्या कामाला लावला गेला, आणि त्यामुळे शरीरशास्त्र, ध्वनिमापन व नागरी हक्क या एरवी दूर असलेल्या तीन क्षेत्रांतले प्रश्न एकाच यंत्राभोवती गोळा झाले.

कानाचे वय

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारी कंपने होत. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या संख्येला वारंवारता म्हणतात. ती हर्ट्‌झ या एककात मोजली जाते आणि एक हजार हर्ट्‌झ मिळून एक किलोहर्ट्‌झ होतो. वारंवारता जितकी अधिक, तितका स्वर उंच किंवा बारीक ऐकू येतो. निरोगी लहान मुलाला सुमारे २० हर्ट्‌झपासून २० किलोहर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि त्याच्या वरच्या आवाजांना श्राव्यातीत ध्वनी म्हटले जाते. माणसाच्या बोलण्यातील अर्थ समजण्यासाठी लागणारे बहुतेक स्वर-व्यंजनांचे घटक ८ किलोहर्ट्‌झच्या आत असतात, म्हणूनच रुग्णालयात होणारी नेहमीची श्रवणतपासणीही त्या मर्यादेवर थांबते. ८ ते २० किलोहर्ट्‌झ या वरच्या पट्ट्याचा व्यवहारात फारसा उपयोग होत नाही, आणि याच कारणाने तो हातचा गेला तरी माणसाच्या ते लक्षात येत नाही.

हा पट्टा प्रथम का जातो याचे उत्तर आंतरकर्णाच्या रचनेत आहे. शंखासारख्या वेटोळ्याच्या, द्रवाने भरलेल्या आणि सरळ केल्यास सुमारे ३५ मिलिमीटर लांब भरणाऱ्या नळीला कर्णावर्त म्हणतात. तिच्यातून जाणाऱ्या एका लवचीक पडद्यावर केशपेशी, म्हणजे टोकाशी सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या संवेदनक्षम पेशी, रांगांनी बसवलेल्या असतात. प्रत्येक कानात आतल्या रांगेतील सुमारे साडेतीन हजार पेशी मेंदूकडे संदेश पाठवतात, तर बाहेरच्या रांगांतील सुमारे बारा हजार पेशी क्षीण कंपने वाढवून देण्याचे काम करतात. हा पडद्याचा पट्टा हार्मोनियमच्या पट्ट्यांप्रमाणे स्वरांत विभागलेला असतो: नळीच्या तोंडाशी सर्वांत उंच स्वरांची जागा असते आणि वेटोळ्याच्या टोकाकडे जावे तसतशी खालच्या स्वरांची जागा येते. आत शिरणारी लाट या पडद्यावरून कशी प्रवास करते हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवून दिले आणि त्या कामासाठी त्यांना १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तोंडाशी असलेल्या केशपेशींची हानी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त होते. त्या पेशींची ऊर्जेची गरज मोठी असते, चयापचयातून निर्माण होणाऱ्या घातक रेणूंचा मारा त्यांना सोसवत नाही, आयुष्यभराचा गोंगाट त्यांच्यावर परिणाम करतो, आणि आतल्या द्रवाचा विद्युत्‌भार राखणारा रक्तवाहिन्यांचा पट्टाही वयाबरोबर क्षीण होत जातो. पक्ष्यांमध्ये आणि माशांमध्ये मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या पेशी येतात. सस्तन प्राण्यांच्या प्रौढ कानात तसे घडत नाही, म्हणून एकदा गेलेली उंच स्वरांची क्षमता परत येत नाही. या क्रमाक्रमाने होणाऱ्या बदलाला वार्धक्यजन्य श्रवणऱ्हास असे नाव आहे, परंतु त्याची सुरुवात वार्धक्याच्या कितीतरी आधी, ऐन विशीतच झालेली असते.

हे ज्ञान नवे नाही. इंग्रज संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७६ च्या सुमारास लांबी कमी-जास्त करता येणारी एक बारीक शिट्टी तयार केली, तिच्या साहाय्याने माणसांच्या व प्राण्यांच्या श्रवणाची वरची मर्यादा तपासली, आणि १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे नोंदवले की वय वाढत जाते तसे उंच स्वर ऐकण्याची शक्ती ठळकपणे घटते व ज्याची ती घटली आहे त्या व्यक्तीला याचा पत्ताही नसतो. डच शरीरशास्त्रज्ञ हेन्ड्रिक झ्वार्डेमाकर यांनी १८९० च्या दशकात याच शिट्टीच्या आधारे वय आणि श्रवणमर्यादा यांचा संबंध पद्धतशीरपणे मांडला. पुढे १९६२ साली सॅम्युअल रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुदानमधील माबान जमातीची तपासणी करून, गोंगाटापासून दूर राहणाऱ्या या लोकांचे उतारवयातील श्रवण अमेरिकी शहरवासीयांपेक्षा चांगले असल्याचे दाखवले, आणि या ऱ्हासात निसर्गाचा वाटा किती व भोवतालच्या आवाजाचा किती, या वादाला तोंड फुटले.

भारतातील एका पिढीने हा भेद घराघरांत अनुभवलेला आहे. भारतात वापरात असलेल्या दूरचित्रवाणी पद्धतीत एका चित्रात ६२५ रेषा असत आणि सेकंदाला २५ चित्रे उमटत, त्यामुळे जुन्या काचनळीच्या संचातील रोहित्र सेकंदाला १५,६२५ वेळा कंप पावे व त्यातून एक बारीक शीळ निघे. आवाज पूर्ण बंद ठेवला तरी शेजारच्या खोलीतला दूरदर्शन संच सुरू आहे हे घरातल्या मुलांना या शिळेवरून कळत असे, तर आजी-आजोबांना ती कधीच ऐकू येत नसे.

यंत्राची घडण

मॉस्किटोचा स्वर सुमारे १७.४ किलोहर्ट्‌झ इतका, म्हणजे त्या शिळेपेक्षाही वरचा ठेवलेला आहे. विद्युत्‌दाब बदलताच आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या स्फटिकसदृश पदार्थापासून बनवलेले ध्वनिक्षेपक अशा वारंवारता सहज निर्माण करतात. हेच तंत्र बझरमध्ये आणि गाडी मागे घेताना वाजणाऱ्या सूचकांत वापरले जाते. आवाज एकसलग न ठेवता तो झपाट्याने चालू-बंद केला जातो, कारण स्थिर स्वराला कान लवकर सरावतात आणि तुटक स्वराकडे मात्र दुर्लक्ष करणे अवघड जाते.

उंच वारंवारतेचा दुसरा फायदा तिच्या तरंगलांबीत आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्यामुळे १७.४ किलोहर्ट्‌झच्या लाटेची लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर भरते. इतक्या आखूड लाटा कोपऱ्याला वळसा घालून फारशा पसरत नाहीत, भिंतीतून किंवा बंद खिडकीतून जवळजवळ जात नाहीत आणि हवेतही लवकर शोषल्या जातात. ध्वनीची पातळी अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबलने उतरते, आणि शोषणामुळे ती याहूनही अधिक घटते. त्यामुळे यंत्राचा प्रभाव ते ज्या दिशेला रोखले आहे त्या दिशेच्या सुमारे ४० मीटरच्या टापूत राहतो आणि दुकानाच्या आत किंवा मागच्या गल्लीत फारसा पोहोचत नाही.

येथे डेसिबल या मापाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. डेसिबल हे लघुगणकीय माप आहे; पातळी दहा डेसिबलने वाढली याचा अर्थ ध्वनीची तीव्रता दहापट झाली असा होतो, म्हणून उदाहरणार्थ ७५ आणि ९५ डेसिबल यांतील अंतर दिसते त्याहून फार मोठे असते. २००८ च्या अखेरीस बाजारात आलेल्या सुधारित मॉस्किटोची कमाल पातळी उत्पादकाने १०८ डेसिबल अशी दिलेली आहे. त्याच आवृत्तीत ८ किलोहर्ट्‌झचा दुसरा स्वरही ठेवण्यात आला, जो बहुतेक सर्व वयांच्या माणसांना ऐकू येतो. ही सोय विशेष बोलकी आहे, कारण वय न पाहता जागा रिकामी करणारे यंत्र बनवणे तांत्रिकदृष्ट्या तितकेच सोपे होते हे तिच्यावरून स्पष्ट होते. बाजारात नाव झाले ते मात्र निवडक कानांना टोचणाऱ्या स्वराचे.

बॅरीचे दुकान आणि ब्रिटनची मनःस्थिती

या यंत्राचे जनक हॉवर्ड स्टेपलटन हे दक्षिण वेल्समधील मर्थर टिडफिल येथील अभियंता व सुरक्षा-सल्लागार होत. लहानपणी वडिलांबरोबर एका कारखान्यात गेले असता श्राव्यातीत ध्वनीने सांधे जोडणाऱ्या यंत्रांचा आवाज त्यांना असह्य झाला, आणि तेथील प्रौढ कामगारांना मात्र काहीच ऐकू येत नव्हते, ही आठवण त्यांनी या कल्पनेचे मूळ म्हणून सांगितली आहे. दुकानाबाहेर जमलेल्या मुलांचा आपल्या मुलीला झालेला त्रास हे त्यांनी दिलेले तात्कालिक कारण होते. कोणता स्वर सर्वाधिक नकोसा होतो हे त्यांनी घरच्याच मुलांवर तपासून पाहिले. पहिली चाचणी २००५ साली जवळच्या बॅरी या गावातील ‘स्पार’ साखळीतल्या एका दुकानाबाहेर झाली. दाराशी जमून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हैराण करणारी मुले त्यानंतर तेथून हटली, आणि दुकानदाराने दिलेल्या अनुकूल अभिप्रायाच्या बातम्या जगभर छापून आल्या.

एका गावातली युक्ती देशभर पसरली याचे कारण त्या काळच्या ब्रिटनमध्ये शोधावे लागते. १९९८ च्या गुन्हे व अव्यवस्था कायद्याने समाजविघातक वर्तनाविरुद्ध न्यायालयीन मनाई आदेश काढण्याची तरतूद केली होती. त्यात ज्या कृत्याला फौजदारी कायद्यात गुन्हा म्हटलेले नाही, अशा कृत्यालाही मनाई करता येई आणि ती मोडली की मात्र शिक्षा होई. २००३ च्या कायद्याने ठरावीक भागात जमलेल्या घोळक्याला पांगवण्याचा अधिकार पोलिसांना दिला. २००५ च्या मे महिन्यात केंट परगण्यातील ब्लूवॉटर या प्रचंड खरेदी-संकुलाने टोपीने चेहरा झाकणाऱ्या अंगरख्यांवर बंदी घातली, आणि तिचे राजकीय नेत्यांनी स्वागत केले. खेड्यांतील व उपनगरांतील युवक केंद्रे अपुरी, रात्री उघडे असणारे ठिकाण एकच आणि ते म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान, अशा परिस्थितीत मुले त्या दुकानाच्या उजेडात जमत. त्यांतली काही खरोखरच दंगा करीत, काचा फोडीत, गिऱ्हाइकांना धमकावीत. बहुसंख्य मुले मात्र महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या कट्ट्यावर दिसतात तशी नुसतीच गप्पा मारत बसत. पोलिसांना बोलावूनही ते वेळेवर येत नाहीत अशी दुकानदारांची तक्रार होती, आणि सुमारे ५०० पौंडांत मिळणारी, पगार न मागणारी पेटी त्यांना स्वस्त व सोयीची वाटली. २००८ च्या प्रारंभी एकट्या इंग्लंडमध्ये अशी सुमारे ३,५०० यंत्रे वापरात असल्याचे सांगितले जात होते.

आवाजाने पांगवण्याचे इतर प्रयोग

ध्वनीचा असा उपयोग त्याआधीही झालेला होता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ‘सेव्हन-इलेव्हन’ या दुकानसाखळीने १९८५ साली वाहनतळावर अभिजात पाश्चात्त्य संगीत लावून तरुणांना दूर ठेवण्याचा प्रयोग केला, आणि लंडनच्या भुयारी रेल्वेने २००३ साली एल्म पार्क स्थानकात तोच मार्ग अवलंबला. सिडनीच्या रॉकडेल भागात २००६ साली वाहनतळावर जमणाऱ्या तरुणांना कंटाळा यावा म्हणून बॅरी मॅनिलो यांची जुनी गाणी मोठ्याने वाजवण्यात आली. इंग्लंडमधील मॅन्सफील्ड येथे २००९ साली तर एका रहिवासी संघाने भुयारी वाटेत गुलाबी दिवे लावले, कारण त्या प्रकाशात चेहऱ्यावरील मुरुमे उठून दिसतात आणि किशोरांना ते लाजिरवाणे वाटेल असा हिशेब होता.

या उपायांत आणि मॉस्किटोत एक महत्त्वाचा फरक आहे. संगीत किंवा गुलाबी उजेड आवडो वा न आवडो, तो सर्वांना जाणवतो. त्याचा अतिरेक झाला तर दुकानाचा मालक, गिऱ्हाईक आणि शेजारी हेही तक्रार करतात, आणि त्या तक्रारीमुळे उपायाला आपोआप मर्यादा पडते. मॉस्किटोच्या बाबतीत हा अंकुश नाहीसा होतो, कारण पेटी विकत घेणारा, ती बसवणारा, तिला परवानगी देणारा आणि तिच्याविषयीच्या तक्रारीची चौकशी करणारा हे सर्व सामान्यतः त्या वयाच्या पलीकडे गेलेले असतात.

किशोरांनी या भेदाचा उपयोग स्वतःसाठीही करून घेतला. २००६ साली या स्वराची ध्वनिफीत मुलांमध्ये मोबाइलवरून फिरू लागली आणि वर्गात शिक्षकांना ऐकू न येणारी, संदेश आल्याची सूचना म्हणून ती वापरली जाऊ लागली. मग यंत्राच्या उत्पादक कंपनीनेही अधिकृत ‘रिंगटोन’ विकायला काढला. या दोन्ही उपयोगांची दखल घेऊन, प्रथम हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिले जाणारे ‘इग नोबेल’ पारितोषिक त्या वर्षी शांततेच्या विभागात स्टेपलटन यांना देण्यात आले.

इजा होते काय

उत्पादकाची भूमिका अशी होती की हा आवाज त्रासदायक असला तरी घातक नाही, आणि कामगारांसाठी असलेल्या गोंगाटाच्या मर्यादांत तो बसतो. या भूमिकेतील कच्चे दुवे तीन आहेत. पहिला दुवा असा की त्या मर्यादा दिवसाचे काही तास काम करणाऱ्या प्रौढ कामगारांसाठी आखलेल्या आहेत, तर यंत्राचे लक्ष्य मुले आहेत. साउदॅम्प्टन विद्यापीठातील ध्वनितज्ज्ञ टिमथी लेटन यांनी २०१६ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हवेतील अतिउच्च ध्वनीला जनतेला सामोरे जावे लागण्याच्या प्रश्नाचा आढावा घेतला, आणि या क्षेत्रातील मार्गदर्शक मर्यादा अपुऱ्या, जुन्या व मुख्यतः प्रौढ पुरुष कामगारांच्या छोट्या गटांवरील निरीक्षणांतून आलेल्या आहेत असे दाखवून दिले. डोके दुखणे, मळमळणे, कानात गुणगुण होणे आणि लक्ष विचलित होणे अशा तक्रारी अशा ध्वनीच्या संदर्भात वारंवार नोंदल्या गेल्या आहेत.

दुसरा दुवा मोजमापाचा आहे. नागरी गोंगाट मोजताना मापकात एक भारित गाळणी वापरतात, जी कानाच्या सर्वसाधारण संवेदनशीलतेप्रमाणे फार खालच्या आणि फार वरच्या स्वरांना कमी महत्त्व देते. १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास ती साडेसहा डेसिबलहून अधिक वजा करते. शिवाय साध्या दर्जाच्या मापकांवर १० किलोहर्ट्‌झच्या वर अचूकतेचे बंधन इतके सैल असते की ते त्या पट्ट्यातला आवाज जवळजवळ टिपत नसले तरी नियमात बसतात. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल या मर्यादा दिल्या आहेत, त्याही याच भारित मापात आहेत. म्हणजे महाराष्ट्रात मिरवणुकीचा दणदणाट मोजण्यासाठी वापरले जाणारे माप अशा बारीक आवाजाची दखल घेण्यासाठी मुळातच बनवलेले नाही.

तिसरा आणि सर्वांत गंभीर दुवा निवडीचा आहे. यंत्र वय ओळखते, वर्तन ओळखत नाही, आणि वयही ते केवळ एका बाजूनेच ओळखते. दंगेखोर सोळा वर्षांच्या मुलाला जो स्वर ऐकू येतो तोच स्वर आईबरोबर दुकानात आलेल्या दोन वर्षांच्या मुलीला, बाबागाडीतील तान्ह्या बाळाला आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर उघड्या खिडकीशी झोपणाऱ्या शाळकरी मुलालाही ऐकू येतो. जर्मनीच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने या यंत्राचा अभ्यास करून त्याला पूर्णपणे निर्धोक म्हणण्यास नकार दिला. किशोरवयीन मुले त्रास झाल्यास निघून जाऊ शकतात, परंतु तान्ह्या व लहान मुलांबरोबरच्या मोठ्यांना आवाजाची जाणीवच नसल्यामुळे ती बराच काळ त्या टापूत राहण्याचा धोका आहे, हा तिचा मुख्य आक्षेप होता. बोलू न शकणारे बाळ रडू लागले तर त्या रडण्याचे कारण डोक्यावरच्या पेटीत असेल, हे पालकाच्या ध्यानात येणे कठीण असते. ज्यांना आवाजाचा एरवीच अधिक त्रास होतो अशा स्वमग्न मुलांनाही हीच अडचण येते.

कायद्याची भूमिका

फेब्रुवारी २००८ मध्ये इंग्लंडचे तत्कालीन बाल आयुक्त सर अल एन्सली-ग्रीन यांनी ‘लिबर्टी’ ही नागरी हक्क संघटना व राष्ट्रीय युवा संस्था यांच्यासह या यंत्रांविरुद्ध मोहीम सुरू केली. त्यांचा युक्तिवाद असा होता की कोणतेही गैरकृत्य न केलेल्या मुलांना केवळ त्यांच्या वयामुळे शारीरिक त्रास देणे हा भेदभाव आहे, आणि मुलांना धोका मानणाऱ्या समाजाची ती खूण आहे. सरकारने यंत्रावर बंदी नाही व ती घालण्याचा विचारही नाही अशी भूमिका घेतली. किरकोळ व्यापाऱ्यांच्या बाजूने असे सांगण्यात आले की धमक्या आणि नासधूस सोसणाऱ्या लहान दुकानदारांपाशी दुसरा कोणताही तातडीचा उपाय नाही. हे म्हणणे डावलण्यासारखे नव्हते, कारण रात्री एकट्याने दुकान सांभाळणाऱ्या माणसाची भीती खरी होती.

त्याच वर्षी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील सँ-ब्रियू येथील न्यायालयाने एका घरमालकाला ‘बिथोवेन’ या नावाने विकले जाणारे तशाच प्रकारचे यंत्र काढून टाकण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने ब्रिटनच्या अहवालावर मत देताना, मुलांच्या मुक्त संचाराच्या व शांततेने एकत्र जमण्याच्या हक्कांचा भंग होण्याचा संभव लक्षात घेऊन या यंत्रांचा फेरविचार करावा असे सुचवले, आणि २०१६ साली त्याच समितीने सार्वजनिक जागांत त्यांचा वापर बंद करावा अशी अधिक स्पष्ट शिफारस केली. दरम्यान २०१० च्या जूनमध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने आपल्या १९३० क्रमांकाच्या शिफारशीत या यंत्रांच्या विक्रीस व वापरास मनाई करण्याची मागणी केली. युरोप परिषद ही युरोपीय संघाहून वेगळी, मानवी हक्कांच्या युरोपीय कराराची राखण करणारी संघटना आहे. तिच्या सभेच्या शिफारशी सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक नसल्यामुळे ब्रिटनने राष्ट्रीय बंदी घातली नाही आणि निर्णय स्थानिक संस्थांवर व मालकांवर राहिला.

अन्य देशांतही चित्र संमिश्र राहिले. टोकियोच्या अदाची विभागाने २००९ साली रात्रीच्या नासधुशीने त्रस्त झालेल्या एका उद्यानात हे यंत्र लावले. वॉशिंग्टनमध्ये गॅलरी प्लेस या मेट्रो स्थानकाजवळ २०१० साली लावलेले यंत्र, तरुणांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीनंतर काढण्यात आले. फिलाडेल्फिया शहराने मात्र २०१४ पासून सुमारे तीस उद्याने व क्रीडाकेंद्रांत ही यंत्रे बसवली, जी रात्री दहा ते पहाटे सहा या वेळेत वाजत. २०१९ साली ही बाब सर्वदूर चर्चेत आली तेव्हा नगरपरिषदेतील एका सदस्येने उघडपणे विरोध केला आणि शहराने तरुणांसाठी जागा निर्माण करण्याऐवजी त्यांना हाकलण्यावर पैसे खर्च करावेत काय, हा प्रश्न विचारला.

पांगवणे आणि सोडवणे

गुन्हेशास्त्रात परिसराच्या रचनेतून गुन्हे टाळण्याची एक विचारधारा आहे. सी. रे जेफरी यांनी १९७१ साली आणि वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ साली तिची मांडणी केली. उजेड, खिडक्यांतून राहणारी नजर, रहिवाशांची जागेविषयीची आपलेपणाची भावना यांमुळे गुन्ह्याची संधी कमी होते, असा तिचा आशय होता. पुढच्या काळात याच विचारातून फक्त हटवण्याचा भाग उचलला गेला, आणि झोपता येऊ नये म्हणून मध्ये दांडे घातलेली बाके, चाकाच्या फळीवर खेळणाऱ्यांना अडवणाऱ्या धातूच्या गुठळ्या, बसता येऊ नये म्हणून कठड्यांवर ठोकलेले खिळे अशी रचना शहरांत दिसू लागली. मॉस्किटो याच कुळातले आहे. फरक इतकाच की बाकावरचा दांडा पाहून वाटसरूला तरी कळते की येथे कोणाला तरी नको म्हटले आहे.

अशा उपायांच्या मूल्यमापनात स्थलांतर ही कल्पना महत्त्वाची ठरते. एखाद्या ठिकाणाहून उपद्रव हटला, पण तो दोनशे मीटरवरच्या दुसऱ्या कोपऱ्यावर गेला, तर एका दुकानदाराचे समाधान होते आणि गावाचा प्रश्न तसाच राहतो. मुले उजेडाच्या, माणसांची वर्दळ असलेल्या जागेतून अंधाऱ्या मैदानात किंवा रेल्वेरुळांच्या कडेला गेली तर त्यांची स्वतःची सुरक्षितताही कमी होते. शिवाय जे खरोखर त्रास देतात ते कानात बोळे घालून किंवा मोठ्याने गाणी लावून थांबूही शकतात, आणि जे मुकाट्याने निघून जातात ते बहुधा निरुपद्रवी असतात. पंचविशी ओलांडलेल्या दंगेखोरांवर तर यंत्राचा काहीच परिणाम होत नाही.

दुकानदाराला संरक्षण मिळणे आणि मुलांना एकत्र जमायला जागा असणे या दोन्ही गरजा योग्य आहेत, व त्यांचा मेळ घालण्याचे उपाय कंटाळवाणे असले तरी माहितीचे आहेत: धमकी देणाऱ्या विशिष्ट व्यक्तीवर कारवाई, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी राहणारी क्रीडा व युवक केंद्रे, मुलांशी ओळख असणारे गस्तीचे पोलीस आणि युवक कार्यकर्ते. या उपायांना पैसा, माणसे आणि वेळ लागतो, तर पेटीला फक्त एक खिळा आणि विजेची जोडणी पुरते. तिचा प्रसार तिच्या गुणवत्तेपेक्षा या सोयीमुळे अधिक झाला.

मॉस्किटोविषयीचा निष्कर्ष त्यामुळे फारसा संदिग्ध राहत नाही. ज्या साधनाचा त्रास ते वापरणाऱ्याला जाणवतच नाही, त्याची मर्यादा वापरणाऱ्याच्या सदिच्छेवर सोडता येत नाही. तिच्यासाठी बाहेरचा नियम, योग्य वारंवारतेपर्यंत मोजणारी उपकरणे आणि ज्यांना आवाज ऐकू येतो त्यांची साक्ष यांची गरज असते. ब्रिटनमध्ये यांपैकी कशाचीही सक्ती होण्याआधी हजारो यंत्रे भिंतींवर चढली होती. ज्या नगरपालिकेला, गृहनिर्माण संस्थेला किंवा दुकानदाराला असे यंत्र लावण्याचा मोह होईल, त्याने निदान परिसरातील मुलांना बोलावून ते आधी त्यांच्यासमोर चालवून पाहावे आणि त्यांचे म्हणणे लेखी नोंदवून घ्यावे.